भरभराटीचं थकलेलं देणं

अमेरिका एवढी श्रीमंत कशी झाली, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. युरोपातून कष्टाळू माणसं आली, समोर मोकळी जमीन पसरली होती, सरकारने कुणाच्या आड यायचं नाही असं ठरवलं आणि ज्याच्या मनगटात जोर होता तो पुढे गेला. उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत, अर्थसंकल्पावरच्या चर्चांत, तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या गप्पांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकू येते. कष्टांबद्दलचा भाग खरा आहे. बाकीचे दोन्ही भाग खोटे आहेत. जमीन मोकळी नव्हती आणि सरकार बाजूला उभं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेची वाढ सरकारने जमीन मिळवून, ती मोजून आणि वाटून उभी केली. त्यातली बरीचशी जमीन तिथल्या मूलनिवासी जमातींशी लेखी तह करून, किंमत ठरवून घेतलेली होती, आणि ठरलेली किंमतसुद्धा पुरती दिली गेली नाही. म्हणून हा विषय हळहळून सोडून देण्याचा नाही. हे थकलेलं देणं आहे, त्याचे कागद आहेत, आणि ते आजही फेडता येईल असं माझं म्हणणं आहे.

१८६२ हे एकच वर्ष घ्या. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती, यादवी युद्ध पेटलं होतं, आणि दक्षिणेचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, नसल्यामुळे वर्षानुवर्षं अडलेले कायदे भराभर मंजूर होत होते. २० मे रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली: पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकरांचा मालकीहक्क, किरकोळ शुल्क भरून. १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला. २ जुलैला मोरिल कायदा आला. त्यात प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या त्याच्या दर सदस्यामागे ३० हजार एकर जमीन मिळणार होती. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं काढायची. सुमारे सहा आठवड्यांत शेतकऱ्याला जमीन, आगगाडीला जमीन, विद्यापीठाला जमीन! परदेशी मालावर जबर आयात कर लावण्याचं धोरण आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. त्याच्या आडोशाने पेनसिल्व्हेनियातल्या लोखंडाच्या भट्ट्या पुढची कित्येक दशकं ब्रिटिश मालाच्या स्पर्धेपासून सुरक्षित राहिल्या. बाजाराला आपल्या वाटेने जाऊ देणारं सरकार असं वागत नाही.

रेल्वेचा व्यवहार तर उघडच होता. सपाट प्रदेशात दर मैलाला १६ हजार डॉलर, डोंगरांच्या अलीकडे पलीकडे ३२ हजार, डोंगरात ४८ हजार, असे सरकारी कर्जरोखे कंपन्यांना मिळत. शिवाय रुळाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचे चौकोन, एकाआड एक. १८६४ मध्ये ही जमीन दुप्पट केली गेली. साऱ्या देशात मिळून संघ सरकारने रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. संबंध महाराष्ट्र साडेसात कोटी एकरांच्या आसपास भरतो, यावरून अंदाज करावा. होमस्टेडखाली वाटलेली जमीन आणखी मोठी, सुमारे २७ कोटी एकर. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरीला पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ जुळले. सिएरा नेवाडाच्या कातळातून पश्चिमेकडचा मार्ग फोडणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्या मजुरांएवढी मजुरी मागत संप केला, तेव्हा कंपनीने त्यांचं अन्न तोडलं. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घालणारा कायदा झाला. आणि युनियन पॅसिफिकच्या बांधकामाचा ठेका चालकांनी आपल्याच दुसऱ्या कंपनीला देऊन, काँग्रेसच्या सदस्यांना तिचे शेअर वाटून कसा पैसा काढला, ते १८७२ मध्ये बाहेर आलं. जोखीम सरकारची, नफा आपला, ही रीत तेव्हापासूनची आहे.

पण लाच आणि घोटाळे हा या प्रकरणाचा वरवरचा थर झाला. त्या खालचं देणं पाहायचं तर उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात जावं लागतं. जमीन, गहू आणि लोखंड ही तिन्ही तिथे एकत्र सापडतात.

१८५१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या डकोटा या मूलनिवासी लोकांशी दोन तह झाले. त्यांनी दक्षिण मिनेसोटातली आणि आसपासची सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सोडली. मोबदला ठरला ३० लाख डॉलरच्या थोडा वर, म्हणजे एकरी १२-१३ सेंट. त्या वेळी सरकारी जमिनीचा विक्रीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. म्हणजे हातात येताच सरकारच्या दराने तिची किंमत जवळजवळ दहापट. तेही पैसे डकोटांच्या हातात एकदम यायचे नव्हते. बहुतेक रक्कम सरकारकडेच राहणार आणि तिच्यावरचं पाच टक्के व्याज पन्नास वर्षं वर्षासन म्हणून मिळणार. मुद्दल परत मिळण्याची तरतूदच नव्हती. एका तहाच्या सह्या होत असताना प्रमुखांकडून आणखी एका कागदावर सही करून घेतली गेली. तहाचीच प्रत म्हणून त्यांनी ती केली. तो कागद व्यापाऱ्यांच्या उधारीचा होता आणि त्याच्या आधारे लाखो डॉलर परस्पर व्यापाऱ्यांकडे वळले. १८५८ मध्ये मिनेसोटा नदीच्या उत्तरेची पट्टीही गेली. तिच्या पैशातलाही मोठा वाटा व्यापाऱ्यांच्या वह्यांनी खाल्ला.

शिकारीचा मुलूख गेलेला, नदीकाठच्या दहा मैल रुंद पट्टीत हजारो माणसं, आणि जगणं वर्षासनावर. १८६२ च्या उन्हाळ्यात ते आलं नाही. वॉशिंग्टनमध्ये युद्ध चालू होतं, सोन्यात द्यायचं की कागदी नोटांत यावर घोळ झाला. आदल्या वर्षीचं पीक बुडालेलं. सरकारी कोठारात धान्य भरलेलं होतं; अधिकाऱ्याचं म्हणणं असं की पैसे आणि धान्य बरोबरच वाटायची रीत आहे, पैसे येऊ द्या. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. १७ ऑगस्टला अॅक्टनजवळ चार डकोटा तरुणांनी पाच वसाहतकऱ्यांना मारलं. दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झालं. त्याच दिवशी दुपारी ७१ हजार डॉलरचं सोनं घेऊन गाडी फोर्ट रिजलीच्या लष्करी ठाण्यावर पोचली.

त्या युद्धात शेकडो वसाहतकरी मारले गेले. बायका आणि मुलंही होती त्यांत. हे न सांगता पुढची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण त्यानंतर सरकारने जे केलं ते न्यायाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. लष्करी आयोगापुढे सुमारे चारशे खटले चालले, काही दिवशी चाळीसपर्यंत. वकील नाही, भाषा कळत नाही. ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. लिंकनने कागदपत्रं मागवून, नोंदी वाचून यादी कमी केली, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्काटोला ३८ जणांना एकाच मंचावर फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासात एका वेळी एवढ्या माणसांना फाशी कधीच दिलेली नाही. सही करणारा हात तोच, वर्षही तेच. होमस्टेड कायदा आणि मॅन्काटो ही दोन वेगवेगळ्या पाठांतली माहिती म्हणून शिकवली जाते, तेव्हाच मूळ गोष्ट हातची निसटते.

आणि हिशेब तिथे संपला नाही. १८६३ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने डकोटांशी केलेले तह रद्द केले, पुढची सगळी वर्षासनं जप्त केली आणि त्या पैशातून वसाहतकऱ्यांना भरपाई दिली. डकोटांना राज्याबाहेर क्रो क्रीकच्या ओसाड जागी हाकलण्यात आलं. ज्यांनी लढाई केलीच नव्हती त्या हो-चंक जमातीलाही मॅन्काटोजवळच्या सुपीक जमिनीवरून उठवलं गेलं. काही जणांच्या गुन्ह्यासाठी साऱ्या समाजाची ठेव जप्त करायची, आणि युद्धाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्यालाही शिक्षा द्यायची. यामागे जमिनीखेरीज दुसरं कोणतं कारण होतं, असं मला वाटत नाही.

आता याच जमिनीने पुढे काय दिलं ते पाहू. वसंतात पेरला जाणारा कठीण दाण्याचा गहू तिथे उत्तम येई, पण जुन्या दगडी जात्यांत त्याचा कोंडा पिठात मिसळून पीठ काळपट होई. १८७० च्या आसपास मिनियापोलिसमध्ये रव्यातला कोंडा हवेच्या झोताने वेगळा करणारं यंत्र आलं, मागोमाग पोलादी रोलर आले, आणि तोच गहू देशातलं सगळ्यात पांढरंशुभ्र पीठ देऊ लागला. वॉशबर्न आणि पिल्सबरी यांच्या गिरण्या मिसिसिपीच्या ज्या धबधब्यावर चालत, तो डकोटांच्या लेखी पवित्र होता. ओवामनियोमनी हे त्याचं त्यांच्या भाषेतलं नाव. १८८० पर्यंत मिनियापोलिस देशातलं पहिल्या क्रमांकाचं पिठाचं शहर झालं होतं. पश्चिमेला रेड नदीच्या खोऱ्यात तर हजारो एकरांची शेतं उभी राहिली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला १८६४ मध्ये सुमारे ४ कोटी एकर जमीन मिळाली होती. १८७३ मध्ये तिचा पतपुरवठादार जे कुक बुडाला, साऱ्या देशावर मंदी कोसळली, आणि कंपनीच्या रोखेधारकांनी पडलेल्या भावाचे रोखे देऊन तिची जमीन घेतली. अशा जमिनींवर यंत्रं आणि रोजंदारीचे मजूर लावून गव्हाचे कारखानेच चालवले गेले. फुकट जमीन गरिबाला मिळाली, या गोष्टीत ही शेतं बसत नाहीत.

उत्तरेला ओजिब्वे जमातीकडून तहांनी घेतलेल्या मुलखात पाइनची जंगलं होती, आणि त्याखाली लोखंड. मेसाबीच्या डोंगररांगेतलं पहिलं खनिज १८९२ मध्ये निघालं. ते जवळजवळ पृष्ठभागावरच असल्याने फावड्यांनी उचलता येई. तिथून रेल्वेने सुपीरिअर सरोवराच्या काठी, तिथून जहाजांनी खालच्या सरोवरांवर, पुढे पिट्सबर्गच्या भट्ट्यांत. १९०१ मध्ये कार्नेगीने आपला पोलादाचा उद्योग ४८ कोटी डॉलरला विकला आणि यू. एस. स्टील उभी राहिली; मेसाबीचं बरंचसं खनिज तिच्याच ताब्यात होतं. १८६० मध्ये देशात सुमारे ३० हजार मैल रेल्वे होती, १९०० मध्ये १ लाख ९० हजार मैलांच्या वर. पश्चिमेकडचा विस्तार आणि पूर्वेकडचा उद्योग हे दोन स्वतंत्र धडे म्हणून वाचले की कळत नाहीत. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून जाड, टिकाऊ चामडं बनवण्याची पद्धत बसली. त्याचे पट्टे कारखान्यांतल्या यंत्रांना लागत. दोन दशकांच्या आत कोट्यवधींचे कळप हजाराच्या खाली आले, आणि त्या कळपांवर जगणाऱ्या जमातींना सरकारी शिध्याच्या रांगेत उभं राहावं लागलं. पूर्वेकडचं चाक फिरलं ते या पट्ट्यावर.

याला जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला एक मला खरोखर वजनदार वाटतो. नॉर्वे-स्वीडनमधून आलेला भूमिहीन माणूस मिनेसोटात १६० एकरांचा धनी झाला, त्याची मुलं शिकली, युरोपातल्या मजुराची भाकरी अमेरिकन गव्हामुळे स्वस्त झाली. हे सगळं झालं आणि ते चांगलंच झालं. त्या माणसाने गवताच्या ढेपांच्या घरात काढलेले हिवाळे कुणी हलके लेखू नयेत. पण तो मला देणेकरी वाटत नाही. तह सरकारने केला, वर्षासन सरकारने बुडवलं, तेव्हा देणंही सरकारचं. पणजोबांच्या पापाची लाज बाळगा, असं कुणा शेतकऱ्याच्या पणतवाला सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जेम्स हिलच्या नावाने येतो. त्याची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८९३ मध्ये सिअॅटलला पोचली ती मिनेसोटाच्या पश्चिमेला संघ सरकारकडून जमिनीची देणगी न घेता. म्हणजे बघा, सरकारशिवायही जमतं. हिल हुशार होता, त्याचा मार्ग चोख बांधलेला होता, यात शंका नाही. पण त्याच्या कंपनीचा पाया मिनेसोटातल्या ज्या जुन्या रेल्वेवर घातला गेला, तिला जमीन मिळालेलीच होती. आणि मोंटानातून पुढे जायला वाट हवी तेव्हा १८८७ मध्ये काँग्रेसने आरक्षित मुलखातून मार्ग दिला. पुढच्याच वर्षी ब्लॅकफीट, ग्रोव्हाँट्र आणि असिनिबॉइन लोकांच्या त्या मुलखातून १ कोटी ७० लाख एकरांहून अधिक जमीन काढून घेतली. सरकारने जागा रिकामी करून दिल्यावर देणगीची गरज कमी पडते, एवढंच यातून सिद्ध होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: तो काळच तसा होता, आजच्या मापाने मोजू नका. ठीक, त्या काळच्याच मापाने मोजू. १७८७ मध्ये, आजची राज्यघटना लागू होण्याआधी, वायव्य प्रदेशासाठी केलेल्या कायद्यात काँग्रेसने लिहून दिलं होतं की इंडियन, म्हणजे मूलनिवासी, लोकांशी नेहमी पूर्ण सचोटीने वागलं जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन-मालमत्ता घेतली जाणार नाही. मिनेसोटाचा पूर्वेकडचा भाग त्याच प्रदेशात मोडत होता. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी या मूलनिवासी राष्ट्राच्या भूमीत जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत असा निकाल दिला. तरी सहा वर्षांनी लष्कराने चेरोकींना पश्चिमेला हाकललं आणि त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसं मेली. १८६२ मध्ये मिनेसोटाचे बिशप हेन्री व्हिपल लिंकनला भेटून सांगत होते की ही सारी व्यवस्थाच भ्रष्ट आहे. अन्याय ओळखू शकणारी माणसं त्या काळात होती आणि दूरवरही होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामी मोडण्यासाठी आपल्याच देशाशी झगडा केला होता. काळाचं माप कसं लावायचं ते त्यांच्याकडूनच शिकावं.

मग आता काय करता येईल? ‘सगळी जमीन परत देणार का?’ असा सवाल टाकून चर्चा बंद करण्याची सवय आहे. सगळी नाही, पण काही देता येते, आणि दिली गेली आहे. ज्या कोठारापुढे १८६२ च्या ऑगस्टमध्ये उपाशी डकोटा उभे होते, त्या अप्पर सू एजन्सीची, म्हणजे डकोटांसाठीच्या सरकारी कचेरीची, जागा मिनेसोटा राज्याचं उद्यान होती. २०२४ मध्ये ती सुमारे १३०० एकर जमीन राज्याने तिथल्या डकोटा समाजाला परत केली. आकाश कोसळलं नाही. पैशाचा मार्ग त्याहून अवघड ठरला आहे. साउथ डकोटातले ब्लॅक हिल्स हे डोंगर बेकायदा घेतल्याबद्दल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई कायम केली, आणि लाकोटांनी, म्हणजे डकोटांच्या पश्चिमेकडच्या भाऊबंदांनी, ती आजतागायत उचललेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. मला त्यांची ती भूमिका रास्त वाटते; तहाच्या ज्या कागदाने १८६८ मध्ये ते डोंगर त्यांचे म्हणून मान्य केले, तो त्यांनी मोडलेला नव्हता.

आणि विद्यापीठं. हा भाग आपल्या जवळचा आहे. मोरिल कायद्याने साऱ्या देशात एक कोटी एकरांहून अधिक जमीन विद्यापीठांच्या नावे लागली. कॉर्नेल, पर्ड्यू, एमआयटी, इलिनॉय ही त्याच कायद्याची फळं आहेत. पुण्या-मुंबईतून, नागपूर-औरंगाबादहून गेलेल्या किती पिढ्या तिथे शिकल्या! त्या विद्यार्थ्यांनी कुणाचं काही घेतलेलं नाही. पण ज्या शाळेचं आपण ऋण मानतो, तिने कुणाचं देणं ठेवलं आहे हे विचारायचा हक्क माजी विद्यार्थ्यांना असतो, आणि अमेरिकेतला मराठी समाज आता त्या संस्थांना देणग्या देण्याइतका, त्यांच्या समित्यांवर बसण्याइतका वर आलेला आहे. तिथे हा विषय त्यांनी काढावा.

मिनेसोटा विद्यापीठाला मोरिल कायद्याखाली मिळालेली सुमारे ९४ हजार एकर जमीन बहुतेक डकोटांकडून १८५१ मध्ये घेतलेली होती. २०२१ मध्ये विद्यापीठाने मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी फीमाफीची योजना जाहीर केली, तेव्हा ती मिनेसोटातल्या मान्यताप्राप्त ११ जमातींच्या सदस्यांपुरती ठेवली. ज्यांना १८६३ मध्ये राज्याबाहेर काढलं, त्यांचे वंशज आज साउथ डकोटात क्रो क्रीकला आणि नेब्रास्कात सँटीला राहतात. जमीन त्यांच्याही पूर्वजांची होती. ते राज्याबाहेर आहेत ते राज्यानेच हाकललं म्हणून. फीमाफीची सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी होती.